तीन कोटेशनं आणि एक तंबू

६ जानेवारी

आजपासून रोजनिशी लिहायची. निवृत्त होऊन सहा महिने झाले, पण दिवसाला काही आकार येत नव्हता. शिवाय चित्रकाराने आपली नोंद आपणच ठेवलेली बरी. मागाहून लोक वाटेल ते लिहितात.

आजची मोठी गोष्ट: मैदानावरच्या चित्र-बाजाराचा फॉर्म भरून दिला. तारखा १५ आणि १६ मार्च. स्टॉलची जागा दहा फूट बाय दहा फूट. अटी दोनच. किमान बारा चित्रं लावायची, आणि ऊन-वारा-पावसाला टिकेल असा तंबू आपला आपण आणायचा. माझ्याकडे चार चित्रं तयार आहेत, सगळी वॉटरकलर. म्हणजे राहिली आठ. हातात नऊ आठवडे. आठवड्याला एक म्हटलं तरी एक जास्तच होतं. चित्रांची चिंता नाही. प्रश्न तंबूचा आहे.

६ जानेवारी, जेवणानंतर

हिच्याशी बोलणं झालं. विषय मागच्या खोलीचा. मी निवृत्त झाल्यापासून मागची खोली हा माझा स्टुडिओ आहे, त्यामुळे हिचं शिलाई मशीन जेवायच्या टेबलावर आलंय. ही लोकांचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून देते. जेवणाआधी मशीन उचलायचं, जेवण झालं की परत ठेवायचं. काल माझ्या ताटात दोरा निघाला. हिचं म्हणणं, खोलीत चित्रं होत असतील तर खुशाल ठेवा खोली, पण सहा महिन्यांत तिथे दुपारच्या झोपेखेरीज काही झालेलं नाही. मी मनाला लावून घेतलं नाही.

शेवटी असं ठरलं. बाजारातून माझं एक तरी चित्र अनोळखी माणसाच्या घरी गेलं, तर खोली कायमची माझी. नाही गेलं, तर मशीन आत आणि ईझल बाहेर. नातेवाईक धरायचे नाहीत, हे तिने दोनदा बजावलं. माझ्या मनात माझ्या धाकट्या बहिणीचं नाव होतं, हे हिला कसं कळलं कोण जाणे.

एक चित्र, एक अनोळखी माणूस. शर्त असो नसो, मला हे हवंच आहे. नोकरीची सगळी वर्षं या एका गोष्टीकडे डोळे लावून काढली.

८ जानेवारी

एकतीस वर्षं मी खरेदी विभागात होतो. तीन कोटेशनं आल्याशिवाय ऑफिसात टाचणी येऊ दिली नाही. तंबूसुद्धा त्याच पद्धतीने येईल. नवी फाइल उघडली. वर लिहिलं, 'तंबू, खरेदी'. आत कोरे कागद लावून टॅग बांधला. आजचं काम पूर्ण.

चित्र उद्यापासून.

१३ जानेवारी

पहिलं दुकान. दुकानदार प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो. पावसात टिकेल का विचारलं, हो म्हणाला. उन्हात रंग जाणार नाही ना, तर हो, नाही जाणार. मग मी मुद्दाम विचारलं की वाऱ्याने उडून जाईल का, तर त्यालाही हो म्हणाला. त्याचं नाव मी होयबा ठेवलं आहे. पण माल चांगला वाटला. लोखंडी सांगाडा, घडीचा, चार भिंती चेनने लागणाऱ्या. कोटेशन क्रमांक एक, फाइलला.

१७ जानेवारी

दुसरं दुकान. इथले पाय ॲल्युमिनियमचे आणि बारीक. मजबुती पाहायला आडव्या पाइपला लोंबकळून पाहिलं. पाइप टिकला, दुकानदाराचा धीर टिकला नाही. कोटेशन मिळालं, पण दाराबाहेर उभं राहून.

चित्र सुरू करणार होतो, पण खांदा दुखतो आहे.

२१ जानेवारी

तिसरं कोटेशन इंटरनेटवरून. त्याखाली गिऱ्हाइकांची मतं आहेत, अकराशे चाळीस. सगळी वाचायला चार दिवस लागले. अर्धी मतं वाचून निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही. एकाचा तंबू उडून शेजाऱ्याच्या गाडीवर पडला, असं त्याने लिहिलंय, पण वाऱ्याचा वेग दिलेला नाही. त्याला पत्र लिहून वेग विचारला.

या आठवड्याचं चित्र पुढच्या आठवड्यात. म्हणजे त्या आठवड्यात तीन.

२५ जानेवारी

तुलनात्मक तक्ता तयार झाला. एकोणीस रकाने: कापडाची जाडी, शिवणीवरची पट्टी, पायांची जाडी, वारा निघून जायला छतातली झडप, पिशवीला चाकं आहेत की नाहीत. सुंदर तक्ता आहे. फ्रेम करावासा वाटला.

हिला दाखवला. हिने सगळं सोडून शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, की रंगाचा नंबर एकोणिसावा का. मी म्हटलं, रंगाने काही पाऊस थांबत नाही. तर म्हणाली, पांढराच घ्या, डोळे मिटून. पांढरा मळतो, हे मी तिला समजावून सांगितलं. तिचं पुन्हा सुरू झालं, की मी जन्मभर पडदे शिवते, कापडातून आलेला उजेड आत काय करतो ते मला माहीत आहे. मी म्हटलं, पडदे वेगळे आणि तंबू वेगळा. ती परत मशीनवर बसली. टेक्निकल बाबतीत बायकांशी वाद घालू नये.

१ फेब्रुवारी

स्टॉलवाल्यांची मीटिंग. माझ्या शेजारचा स्टॉल मातीची भांडी करणाऱ्या एका बाईंचा आहे. अकरा वर्षं येतात. त्यांच्याकडे तंबू कसला, तर चार बांबू आणि वर पांढरं जाड प्लॅस्टिक. मला कीव आली. त्यांना वाऱ्याचा वेग, झडप, शिवणीवरची पट्टी हे सगळं नीट सांगितलं. मध्येच त्या म्हणाल्या, छत पांढरं घ्या हं, चित्रं असली की, कारण. पण ते कारण तसंच राहिलं, कारण मी तेव्हा झडपेबद्दल बोलत होतो. भांडी विकणाऱ्या बाईंना चित्रांतलं काय कळणार.

एक गोष्ट मात्र कामाची सांगितली. तंबूच्या चारी पायांना वजन बांधावं लागतं, नाहीतर पहिल्याच झोताला तो चालू लागतो. हा विसावा रकाना. तक्ता परत करावा लागणार.

५ फेब्रुवारी

निर्णय झाला. होयबाचा तंबू, रंग गडद निळा. कारणं फाइलवर लिहिली. एक, मळत नाही. दोन, आकाशाशी जुळतो. तीन, चित्रकाराला शोभतो. निळा चांगला ना, असं होयबालाही विचारलं. हो म्हणाला.

११ फेब्रुवारी

तंबू आला. खोक्यावर लिहिलंय, एक माणूस, तीन मिनिटं. आम्हाला दोन तास लागले. मी, ही आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, असे तिघं होतो. एक पाय उलटा उघडला. मास्तरांचं बोट चिमटलं, ते वर निघून गेले. खोक्यावरच्या माणसाला आधीचा अनुभव असणार.

पण उभा राहिल्यावर काय दिसतो. मागच्या अंगणात राजासारखा. मी चारी बाजूंनी फिरून पाहिला. मन भरून आलं. इतकं समाधान शेवटच्या चित्रानंतरही झालं नव्हतं. ते चित्र चार वर्षांपूर्वीचं आहे.

१५ फेब्रुवारी

पाण्याची परीक्षा. चारी भिंती लावून मी आत खुर्ची टाकून बसलो. बाहेरून हिने पाइपने पाणी मारायचं, सलग एक तास, असं ठरलं होतं. तीन बाजूंना थेंब नाही. चौथ्या बाजूला वरच्या कोपऱ्यात पाझरलं. हिने ती शिवण उलटी करून पाहिली, घरातून मेणबत्ती आणून घासली, मग पाझर बंद. माझ्या सूचनेप्रमाणे केलं म्हणून झालं.

नोंद: आत बसल्यावर हात निळसर दिसू लागले. गारठा असावा. स्वेटर घातला, तरी निळेच. नंतर ही चहा घेऊन आत आली. चहा काळपट दिसला. दूध कमी घातलंस म्हटलं, तर कप घेऊन बाहेर गेली, दोन मिनिटांनी तोच कप परत आणला आणि म्हणाली, बाहेर येऊन प्या. बाहेर चांगला होता. दूध घालून आणलं असणार, मान्य करायचं नाही इतकंच.

२० फेब्रुवारी

वजनाच्या पिशव्या. बाजारातल्या पिशव्या मला पसंत नाहीत, कडा लगेच उसवतात. हिला शिवायला सांगितल्या. रीतसर स्पेसिफिकेशन लिहून दिलं: चार नग, दुहेरी कापड, तिहेरी शिवण, वर उचलायला कान, पायाभोवती गुंडाळायला पट्टा, रंग खाकी. हिने कागद वाचला, मशीनच्या सुईखाली घालून त्यावरच दोऱ्याचा ताण तपासला, आणि म्हणाली, करते.

२३ फेब्रुवारी

पिशव्या तयार. मजबूत आहेत, वादच नाही. दहा किलो वाळू भरून हलवून पाहिल्या, कणही सांडला नाही. पण खाकी नाहीत. हिने पडद्यांचे उरलेले तुकडे जोडून केल्यात. एक पट्ट्यापट्ट्यांची, एक पानांची, दोन फुलाफुलांच्या. कलादालनाला हे शोभत नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या चित्रांवरची नजर पिशव्यांवर जाईल अशी भीती वाटते का. प्रश्नाचा रोख कळला नाही. पिशव्या मागच्या बाजूला लावणार, लोकांना दिसणार नाहीत. (पुढचे दोन पाय मागच्या बाजूला कसे न्यायचे, पाहावं लागेल.)

२७ फेब्रुवारी

हिने आज सरळ विचारलं, की चित्रं किती झाली. मी म्हटलं, तयारी पूर्ण आहे. ती म्हणाली, तयारी नव्हे, चित्रं. चार, म्हटलं. ती चार तर मुलीच्या लग्नाआधीची आहेत, म्हणाली. मग म्हणाली, बाजारात तुरी, आणि आपलं इथे तंबूवरून महाभारत.

खरं कारण असं आहे की स्टुडिओत उजेड बरोबर येत नाही. खिडकी चुकीच्या बाजूला आहे. शिवाय नवा कागद काही दिवस मुरू द्यावा लागतो. हे तिला सांगितलं तर म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. अंगणाचा इथे काही संबंध नाही, तिथे तंबू आहे.

५ मार्च

सुरुवात केली. घोडामैदान जवळ आलं की माझा हात चालतो, हे ऑफिसातही सगळ्यांना माहीत होतं. आठ दिवस, आठ चित्रं. दिवसाला एक.

९ मार्च

पाच झाली. नदी, पूल, पूल आणि नदी, धुक्यातला पूल, धुक्यातली नदी. शेवटच्या दोनांत धुकं दाट आहे, त्यामुळे वेळ वाचला.

१२ मार्च

आठवं पूर्ण. हे खास आहे: खिडकीशी शिवत बसलेली ही. ही बसायला तयार नव्हती, मग मशीनवर काम करताना तिचं काढलं. पहिल्या चारांतला 'नदीवरचा सूर्यास्त' अजूनही सर्वांत चांगला आहे, हे मला माहीत आहे. तो मी घाई न करता काढला होता. हिला तो फार आवडतो. दोन वर्षं तो हिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता, या बाजारासाठी मी काढून घेतला.

एकूण बारा.

१५ मार्च, पहाटे

निघालो. तंबू, पिशव्या, बारा चित्रं, फाइल. आकाश स्वच्छ. असू दे. पाऊस आला तर सबंध मैदानावर एकटा मी कोरडा असेन.

१५ मार्च, दुपारी बारा

घडलं ते क्रमाने लिहितो.

तंबू पस्तीस मिनिटांत उभा राहिला. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. तीन जणांनी पायांकडच्या पिशव्या कुठून आणल्या, असं विचारलं. मी विषय चित्रांकडे वळवला. भांडीवाल्या बाईंनी चारी पिशव्या उचलून पाहिल्या आणि हिच्याशी बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या.

चित्रं आत लावली. आज त्यांना एक वेगळीच गूढता आली होती. सगळ्या नद्या एकसारख्या खोल दिसत होत्या. एक आजी हिच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हळहळून मला विचारलं, की आजार कसला होता. मग शेजारी खुद्द ही उभी दिसल्यावर म्हणाल्या, बरं झालं बाई, उठलीस यातून.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी टोपीवाले एक गृहस्थ आले. 'सूर्यास्ता'समोर थांबले, मागे गेले, पुढे आले. म्हणाले, काय चांदणं उतरलंय पाण्यावर. चित्राचा अर्थ रसिकाने लावायचा असतो, आपण मध्ये पडू नये. चंद्र जरा मोठा काढलात, म्हणाले. हो, म्हटलं. होयबाची सवय मला कशी लागली, कळलं नाही. त्यांनी चित्र घेतलं, झोपायच्या खोलीत लावणार म्हणाले. ते मी स्वतः भिंतीवरून काढून दिलं. हिच्याकडे पाहिलं. ती हसली, अगदी मनापासून. शर्त हरल्याचं तोंडावर काहीच नव्हतं.

मी मनातल्या मनात खोलीला पडदे लावले.

अकरा पंचावन्नला ते गृहस्थ परत आले. फार सभ्य माणूस. म्हणाले, रागावू नका, पण हे आत चांदणं होतं आणि बाहेर उन्हात नेलं तर भगभगीत नारिंगी झालं. आम्हाला चांदणं हवं होतं. पैसे परत दिले, चित्र परत घेतलं.

वाईट वाटलं. उगाच मोठेपणा कशाला, फार वाईट वाटलं. पंधरा मिनिटं मी चित्रकार होतो.

१५ मार्च, संध्याकाळी

हिने काहीएक टोमणा मारला नाही. फक्त मला हाताला धरून चित्रासकट बाहेर नेलं, मग आत आणलं, मग पुन्हा बाहेर. पाण्याच्या परीक्षेच्या दिवशीचा चहा आठवला. सबंध तंबू आतून निळा आहे, त्यामुळे त्यातलं सगळं निळं.

यात चूक होयबाची. त्याने सांगायला हवं होतं. वीस रकान्यांत 'आत उजेड कसला पडतो' हा रकाना नव्हता, ही छपाईतली त्रुटी म्हणता येईल. एक उपाय सुचला: यापुढे चित्रं तंबूत बसूनच काढायची, म्हणजे ती तंबूत बरोबर दिसतील. हिला सांगितला. ती म्हणाली, आणि घेणाऱ्याने तंबूही बरोबर न्यायचा.

उद्यासाठी ठराव: छत काढून टाकायचं. सांगाडा आणि भिंती राहतील. भिंती बाहेर गुंडाळून ठेवता येतात, उजेड वरून, स्वच्छ, खरा. आभाळात ढग औषधालाही नाही.

१६ मार्च, दुपारी एक

छत काढलं. घडी करून पिशवीत, पिशवी गाडीत, गाडी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला. खरे रंग दिसू लागले.

खऱ्या रंगांत काही चित्रांत घाई दिसते. धुकं जरा जास्त झालंय. एक पूल नदीच्या मध्येच संपतो. निळ्यात हे लक्षात येत नव्हतं. काल जे आत येऊन थांबत होते, ते आज बाहेरूनच पाहून पुढे जातात. आजही सर्वांत जास्त चौकशी पिशव्यांची झाली. एका फोटोग्राफरने चार सांगितल्या, लाकडी खेळणी करणाऱ्याने आठ. ही दोरीने तंबूच्या पायांचं माप घेत स्टॉल-स्टॉल हिंडते आहे. माझा स्टॉल सोडून.

अजून चार तास आहेत. एक चित्र. एकच हवंय.

१६ मार्च, घरी आल्यावर

तीन वाजून दहा मिनिटांनी ढग आला. तीन वीसला पाऊस. अकराशे चाळीस मतांत असा पाऊस कुणी लिहिलेला नाही. मी आधी भिंती सोडून चेनी लावल्या, चारी बाजू घट्ट बंद केल्या. भिंतींतून आत थेंब आला नाही, हे मला नमूद करायचं आहे. जे आलं ते वरून आलं.

छत आणायला गाडीकडे धावलो. किल्ली हिच्याकडे, ही खेळणीवाल्याच्या तंबूत माप घेत होती. किल्ली मिळाली, छत आणलं, मी, खेळणीवाला आणि फोटोग्राफर अशा तिघांनी मिळून चढवलं. शेवटचा बंद बांधला तेव्हा तीन पन्नास झाले होते. पाऊस तीन पंचेचाळीसला थांबला. वरातीमागून घोडं, असं भांडीवाल्या बाई म्हणाल्या. आता त्यांच्या प्लॅस्टिकखालचं एकही भांडं भिजलं नव्हतं, तेव्हा त्यांनी म्हणायला हरकत नाही.

चित्रं गेली. वॉटरकलर ते, पाण्याचं पाण्यात गेलं. नद्या पुलांवरून वाहत होत्या. हिच्या चित्रातला चेहरा ब्लाऊजवर उतरला होता.

एक वाचलं. मी किल्ली घेऊन पळालो तेव्हा ही उलटी आमच्या स्टॉलकडे पळाली होती, आणि हाताला लागेल ते एक चित्र पदराखाली धरून बाईंच्या प्लॅस्टिकखाली जाऊन उभी राहिली. मला वाटलं, स्वतःचं उचललं असेल. पाहिलं तर 'सूर्यास्त'.

मी खुर्ची पुसून बसलो.

पाऊस गेल्यावर बाईंकडे गर्दी झाली आणि भांडी गुंडाळायची त्यांची रद्दी, मागे उघड्यावर राहिलेली, भिजलेली निघाली. त्या बिचकत आल्या, आणि तुमचे ते कागद चांगले जाड आहेत, आता तुम्हाला लागणार नसतील तर, असं म्हणाल्या. पुसून उन्हात धरलं की चालतील, म्हणाल्या. अकराही दिले. त्यांनी एकेक बरणी, एकेक जग त्यांत गुंडाळून दिला. मी मोजत होतो. अकरा चित्रं, अकरा माणसं. एकही ओळखीचा नव्हता.

१८ मार्च

दोन दिवस शांतपणे विचार केला. मग ही रोजनिशी उघडून ६ जानेवारीची शर्त शब्दशः पाहिली. 'एक तरी चित्र अनोळखी माणसाच्या घरी गेलं.' विकत गेलं असं कुठेही नाही. भिंतीवर लागलं असंही नाही. अकरा गेली. खरेदी विभागात एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाशी शर्त लावताना भाषा जपून वापरावी.

हिला वाचून दाखवलं. मला वाटलं वाद घालेल. ती म्हणाली, पडलो तरी नाक वर, आणि मग म्हणाली, बरं, खोली तुमची. इतक्या सहज दिली की जिंकल्याची मजाच गेली. टेबलावर तिची वही उघडी होती. त्यात पिशव्यांच्या ऑर्डरी, एकूण छत्तीस, आणि बाईंनी दिलेले आणखी पाच पत्ते. जेवणाआधी तिने मशीन उचललं, कापडाचे गठ्ठे उचलले, आणि तिचा हात कमरेवर गेला.

ते मला बघवेना. अर्धी खोली घे, म्हटलं. माझी म्हणून देतो, हे स्पष्ट केलं.

१९ मार्च

मशीन आत गेलं. खिडकी बरोबर बाजूला आहे, असं तिचं मत पडलं. कापड ठेवायला अर्ध्याहून थोडी जास्त जागा लागते. ईझल तात्पुरता अंगणात, तंबूखाली. 'सूर्यास्त' तिने मशीनसमोरच्या भिंतीवर लावला. कपाटाच्या आत नाही, भिंतीवर. तिथे तो नारिंगी दिसतो, काढला होता तसा.

२२ मार्च

सकाळी भांडीवाल्या बाई पिशव्या न्यायला आल्या. म्हणाल्या, एका गिऱ्हाइकाने परवा बरणी परत आणून दिली. कागद उलगडल्यावर चित्र पाहून कुणी चौकशीला आलं असेल, असं वाटलं. कोण काढतो हे, असं विचारलं का त्यांनी, हे मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तर बाई म्हणाल्या, विचारलं ना. रंग बरणीला लागलाय, धुतला तरी निघत नाही. बरणी बदलून मागितली आणि कागद माझ्या अंगावर टाकला. मग पिशवीतून घडी काढून त्यांनी मला दिली. पूल आणि नदी. बहुधा पूल.

मी हिशेब मांडला. एक परत आलं, तरी दहा अजून दहा घरांत आहेत. शर्त जिंकलेलीच आहे. बाईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, बाकीच्यांनी अजून उघडून पाहिलं नसेल.

ही मशीनवरून उठली, घडी माझ्या हातातून घेतली, सरळ केली आणि वजनाखाली ठेवली. कडेचा निळा बरा उतरलाय, म्हणाली. मग मला वाळूचं घमेलं दिलं. प्रत्येक पिशवी भरून, उचलून, हलवून पाहायची, आणि वहीत टिक करायची. कुणीतरी काटेकोर माणूस लागतो म्हणे या कामाला.

दिवसभरात चौदा तपासल्या. एकही गळत नाही.